दुसरा गिअर

एम्रिसनं गाडी जॅकवर चढवली आहे
आणि तो पाठीवर सरपटत आत शिरलाय.
मला दिसतात फक्त त्याचे बूट,
आणि बुटांच्या पलीकडून येतो आवाज:
"क्लच संपलाय, एलिनेड."
जसं काही मला माहीतच नव्हतं.

बुधवारी बुल्ख अ ग्रोएसच्या घाटात
इंजिन ओरडत होतं चार हजारांवर
आणि गाडी चालली होती मेंढीच्या चालीनं.
खालून करपल्याचा वास,
समोर एक खरीखुरी मेंढी,
रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत.
बराच वेळ तिनं वाट दिली नाही.
मग तिला दया आली.

त्र्याहत्तरची एमजी. मोहरीच्या रंगाची,
जिथे रंग उरलाय तिथे.
हिचं असं आहे, की क्लच बदलायचा
तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं,
रुमाल सापडेना म्हणून घर रिकामं करावं, तसं.
"आणि पोट उघडतोच आहे," एम्रिस म्हणतो,
"तर गिअरबॉक्सही उरकून टाकू.
दुसऱ्याचं काही खरं नाही.
पुन्हा पुन्हा कोण उघडणार?"

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला
असं तो म्हणाला नाही.
फक्त बिस्किटाच्या पुड्यावर आकडे मांडले,
खाली रेघ ओढली, बेरीज केली नाही
आणि पेन्सिल कानामागे खोचली.

मेरेरिड कार्डिफहून फोनवर म्हणते,
"ऑटोमॅटिक घे, आई. दोनच पेडल.
डावा पाय नुसता बसून राहील."
मी डाव्या पायाकडे पाहिलं.
त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

खरं तर तोच पाय.
बांगोरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला,
हाडावर हाड, मधलं सगळं झिजलेलं.
नवा गुडघा मिळेल, चौदा महिन्यांनी.
मी विचारलं, जुनी गाडी चालवू का?
त्यांनी विचारलं, क्लच जड आहे का?
मी म्हटलं, आता तर अगदी हलका झालाय.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात
बाला तलाव आटून मागे सरकला होता
आणि क्लबच्या आवारात होड्या कोरड्या पडल्या होत्या.
त्यांच्यामधून मी नेस्टला गाडी शिकवत होते.
तिनं क्लच न दाबताच दुसरा टाकला.
असा आवाज, की होडी रंगवणारा म्हातारा
हातात ब्रश धरून उभा राहिला, ठिबकत.
नेस्ट इतकी हसली, की तिनं पुन्हा टाकला.

ऑक्टोबरात ती पॅटागोनियाला गेली,
तिथल्या पोरांना वेल्श शिकवायला, दोन वर्षांसाठी.
ती दोन वर्षं अजून चालूच आहेत.
तिकडे तिची मेंढरं, तिकडे तिचा नवरा, तिकडचा वारा
तिच्या प्रत्येक निरोपाच्या मागे घोंघावतो.
शेवटी विचारते, दुसरा अजून ओरडतो का गं?

"क्लच कर," मी बुटांना म्हटलं.
"आणि गिअरबॉक्स?"
"आहे तसा राहू दे."

एम्रिस बाहेर आला, कपाळावर तेलाची रेघ.
"म्हणजे दुसऱ्यासाठी दरवेळी क्लच दोनदा दाबणार?
दाबायचा, सोडायचा, थांबायचं, पुन्हा दाबायचा?
त्या गुडघ्यानं?"
मी नेस्टचं नाव काढलं नाही.
पैसे नाहीत म्हणाले. तेही खरंच आहे.
"मोजलंय मी. घरापासून तलावापर्यंत
अकरा वेळा लागतो दुसरा."
"म्हणजे बावीस," एम्रिस म्हणाला.
आज त्यानं केलेली ही पहिली बेरीज.

बस साडेचारची होती.
चर्चपाशी चढ लागतो, तिथे
दुसऱ्याच पावलाला गुडघा करकरला.
मी पाय सोडला,
थांबले,
पुन्हा टाकला.